पोरीच्या तोंडून ऐकलेलं

दोंडाईचा स्टेशनात अण्णांनी माझी पेटी डब्यात चढवली, सीटखाली सरकवली आणि खाली उतरून खिडकीशी येऊन उभे राहिले. लग्नाला अकरा दिवस झाले होते. नवरा बाटलीत पाणी भरायला गेला होता. माय पदर तोंडाशी धरून उभी होती. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "तठे जाईसन कमी बोलजो, बेटा. आपली बोली ऐकीसन लोक हासतस."

अण्णा, माझे वडील, तरुणपणी गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला जायचे. तिथं कुणीतरी त्यांना हसलं असणार. काय झालं होतं ते मी कधी विचारलं नाही, पण त्यांचं ऐकलं मात्र. गावात मला सगळे बडबडी म्हणायचे, शाळेत पाहुणे आले की भाषणाला मला उभं करायचे. ती मी गुजरातेत उधना स्टेशनला उतरले आणि गप्प झाले.

तुम्ही गावाकडचे म्हणता, सुनंदा काय फटाफट गुजराती बोलते. आणि ज्या पोरी दरवर्षी लग्न होऊन इकडे येतात, त्या विचारतात, काकू, तुमची भीती कशी गेली? मी हसून वेळ मारून नेते. आज ते लिहून काढते.

नवागामला आमची एक खोली होती. पत्र्याखालची, पण गल्लीत सगळी आपलीच माणसं, त्यामुळे दारात उभं राहून अहिराणी बोलता यायचं. गल्लीच्या तोंडाशी आलं की माझं बोलणं संपायचं. नवरा म्हणायचा, "तू कशाला बोलतेस? मी आहे ना." तो कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर बारा तासांची पाळी करायचा. म्हणजे जेव्हा जेव्हा बोलायची गरज पडायची, तेव्हा तो नसायचाच.

मी एकदा प्रयत्न केला होता. मुलीचं शाळेत नाव घालायला गेले होते. कारकुनाने विचारलं, "छोकरीना पप्पा शुं करे छे?" समजलं मला. समजायचं सगळंच, बोलायचं तेवढं जमत नव्हतं. मनात वाक्य जुळवलं आणि म्हणाले, "मारो नवरो लूम पर छे." गुजरातीत नवरो म्हणजे रिकामटेकडा, हे मला काय माहीत! कारकून म्हणाला, "नवरो छे तो लूम पर शुं करे छे?" मागची सगळी रांग हसली. वाईट मनाने नसतील हसले. पण माझे कान तापले ते घरी येईपर्यंत तापलेलेच होते. त्यानंतर मी एकच वाक्य ठेवलं, कुठंही चालणारं. सारुं छे. बरं आहे, ठीक आहे. कुणी काही विचारलं की सारुं छे म्हणायचं आणि बाजूला व्हायचं.

मग जागृती, माझी लेक, माझं तोंड झाली. सहा महिन्यांत ती गुजराती पोरांसारखी बोलायला लागली. भाजीवाला, दळण, शाळेची मीटिंग, सगळीकडे मी तिच्या कानात अहिराणीत सांगायचे आणि ती मान वर करून मोठ्या माणसांशी बोलायची. मला त्याचा अभिमान होता. चारचौघींत सांगायचे, आमची पोर बघा, आईलासुद्धा सांभाळते. आठ वर्षांची पोर. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

त्या वर्षी मला दिवस गेले होते. आठवा लागला होता. एका सकाळी लक्षात आलं की पोटात हालचाल नाही. पाणी प्याले, कुशीवर झोपून पाहिलं. दुपारी दवाखान्यात गेले, एकटीच, जागृती शाळेत होती. रांगेत तासभर बसले. बसल्या बसल्या वाक्य जुळवत होते, पुन्हा पुन्हा मोडत होते. माझा नंबर आला. नर्सने मान वर न करता विचारलं, "बाळक फरके छे ने?" बाळ हलतंय ना, एवढंच. माझ्यामागे दहा-बारा बायका उभ्या होत्या. मी म्हणाले, "हा, सारुं छे." तिनं गोळ्या लिहून दिल्या. मी गोळ्या घेऊन घरी आले.

संध्याकाळी नवऱ्यालाही सांगितलं नाही. काय सांगणार होते, की बोलायला गेले आणि बोलले नाही?

दुसऱ्या दिवशी जागृतीला शाळेत पाठवलं नाही. तिला घेऊन गेले. आता ती होती, म्हणून सगळं पटापट झालं. तिनं सांगितलं, मम्मीच्या पोटात बाळ हलत नाही. लगेच आत घेतलं, मशीन लावलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "साथे कोई मोटुं नथी आव्युं?" सोबत मोठं कुणी नाही का. मी जागृतीकडे बघितलं. त्या काहीही विचारत, मी जागृतीकडेच बघत होते. म्हणून शेवटी त्यांनीही तिच्याकडेच बघून सांगितलं.

जागृती माझ्याजवळ आली. तिचा चेहरा पाठ केलेली कविता म्हणताना व्हायचा तसा झाला होता. म्हणाली, "मम्मी, बाळाला धबकारा नाही."

मला तो शब्द माहीत नव्हता. मी विचारलं, "म्हणजे काय?"

तिला मराठी शब्द माहीत नव्हता. तिनं स्वतःच्या फ्रॉकवर छातीशी हात ठेवला, बोटांनी टक टक केलं आणि म्हणाली, "हे. हे नाही."

पुढचं लिहीत नाही. मुलगा होता.

पाच-सहा दिवसांनी मला दूध आलं. शरीराला कुणी सांगितलंच नव्हतं. छाती दगडासारखी झाली, ताप चढला. नवरा पाळीवर गेला होता. मी जागृतीचा हात धरून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले आणि सवयीने तिच्या कानाशी वाकले. तिनं हात सोडवून घेतला, दोन्ही हात मागे बांधले आणि म्हणाली, "मी नाही सांगणार. तूच सांग."

दुकानात चार-पाच माणसं होती. दुकानदार म्हणाला, "बोलो, बेन." मी पोरीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. तेव्हा मी बोलले, "दूध आवे छे. बाळक नथी."

कुणी हसलं नाही. दुकानदाराने विचारलं किती दिवस झाले, मी सांगितलं. ताप आहे का विचारलं, मी सांगितलं. त्यानं डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, ती पर्समध्ये होती, दिली. सगळं मिळून दोन मिनिटांचं बोलणं. चुकीचं बोलले असेन, पण त्याला समजलं.

माझी भीती अशी गेली, पोरींनो. जिद्दीनं नाही, शिकवणीनं नाही.

सव्वा महिन्याने दवाखान्यात कागद आणायला गेले. वाटेत तीन वाक्यं पाठ केली होती. नर्स तीच होती. मी तिला म्हणाले, "मने खबर हती. फरकतुं नहोतुं. हुं बोली नहीं." मला माहीत होतं, हलत नव्हतं, मी बोलले नाही. तिला काहीच आठवेना. रोज शंभर बायका बघते ती. माझा कागद काढला, त्यावरचं नाव-गाव वाचलं आणि एकदम मराठीत म्हणाली, "अहो, मराठीत सांगायचं ना! मी अमळनेरची. इथं अर्ध्या जणी आपल्याकडच्याच आहेत."

मी तिच्यावर ओरडले नाही. कागद घेतला, बाहेरच्या बाकावर बसले. त्या दिवशी रांगेत मी तासभर जे वाक्य जुळवत होते, ते मला जन्मापासून येत होतं.

त्यानंतर मूल झालं नाही. नवरा आता थकला आहे, कानांनी कमी ऐकू येतं, लूमवरच्या माणसांचं तसंच होतं. आम्ही कोसाडला राहायला आलो. मी साड्या घडी करण्याच्या खात्यावर, म्हणजे कारखान्यात, जाते, तिथं बायकांशी भांडतेसुद्धा गुजरातीत. गल्लीतल्या नव्या सुनांबरोबर दवाखान्यात जाते. त्यांना बोलायला लावते, मी मागे उभी राहते. माहेरी गेले की भावजय हसते, म्हणते, ताई आता गुजरातीण झाली. तिथं माझ्या तोंडून आधी गुजराती शब्द येतो, मग मी तो बदलते.

आणि जागृती माझ्याशी फक्त गुजराती बोलते. नक्की कधीपासून, ते सांगता येणार नाही. अहिराणी आधी गेली, मग मराठी. बापाशी हिंदी, माझ्याशी गुजराती. मी अहिराणीत विचारते, ती गुजरातीत उत्तर देते. हल्ली मीही गुजरातीतच विचारते. दवाखान्यातल्या त्या दिवसाचा विषय आम्ही कुठल्याच भाषेत काढला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या सुनेबरोबर दवाखान्यात जाऊन आले. जागृती ऑफिसला जायच्या घाईत ड्रेसला इस्त्री करत होती. मी सहज म्हणाले, तिचं बाळ छान आहे. ती इस्त्री करता करता मराठीत बोलली. अडखळत, लहानपणीच्याच मराठीत.

"मम्मी, त्या दिवशी डॉक्टर अजून एक बोलल्या होत्या. मी तुला सांगितलं नाही."

"काय?"

"काल आली असती तर कदाचित वाचलं असतं. हे मम्मीला सांग, म्हणाल्या. मी नाही सांगितलं."

आठ वर्षांच्या पोरीनं ते एक वाक्य ठेवून घेतलं होतं. चौदा वर्षं. मला लागू नये म्हणून.

मी तिला सांगायला नको होतं. तरी सांगितलं. "मी गेले होते. आदल्या दिवशी. तू शाळेत होतीस."

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. "मग?"

"मी बोलले नाही."

"का?"

"भीती वाटली."

"कशाची?"

ती थांबली होती, खरंच उत्तरासाठी थांबली होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. शाळेतली ती रांग, मारो नवरो, सगळे हसले, हे सांगायचं होतं. पण एका जिवासमोर ते इतकं लहान होतं की ते माझ्याच्याने बोलवेना. तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं, ड्रेस घेतला आणि आत गेली.

संध्याकाळी ती नेहमीच्या वेळेला आली. चपला काढता काढता विचारलं, "जमवानुं शुं छे?" मी म्हणाले, "खीचडी-कढी." दोघी समोरासमोर बसून जेवलो. पुन्हा मराठीत ती बोलली नाही.

गावी आता भावाने नवं घर बांधलं आहे, तो म्हणतो, म्हातारपणी इकडेच या. मी हो म्हणते, पण जाणार नाही. तिला उत्तर द्यायचं राहिलं आहे, आणि ती इथं राहते.