धरणाच्या भिंतीपलीकडं

माझ्या चुलतभावानं मला फसवलं. न पाहिलेला सिनेमा पाहिला म्हणून सांगितला आणि बदल्यात माझे गेमचे डाव घेतले. आज मी भुकूमला जागांचे व्यवहार जुळवतो. समोरचा माणूस चहाचा कप कसा खाली ठेवतो त्यावरून त्याला किती गरज आहे ते ओळखतो. पण आयुष्यातला पहिला व्यवहार हाच, आणि त्यात मी सपशेल बुडालो.

आम्ही तेव्हा उरवड्यात एकाच घरात राहायचो. काका जवळच्या कारखान्यात कामाला. कारखान्यानं जुने कॉम्प्युटर भंगारात काढले तेव्हा एक त्यांनी पोत्यात गुंडाळून मोटरसायकलवरून घरी आणला. दादानं, म्हणजे माझ्या या चुलतभावानं, पौडच्या बाजारातून एक सीडी आणली. आत परदेशी कार्टून सिनेमावरचा गेम होता. पाणमांजराचं एक पिल्लू आईला शोधत नदीतून निघतं, एवढंच. खडकांवरून उड्या, शेवाळावरून घसरगुंडी, वाटेत चकाकणारे मासे. पाणी म्हणजे निळे चौकोन आणि पिल्लाच्या मिश्या म्हणजे काळ्या काड्या. आम्हाला ते कमी वाटलं नाही. मुळेकाठची पोरं आम्ही, उरलेली नदी आमच्याकडची घालायचो.

नियम साधा होता. पिल्लू मेलं की कीबोर्ड दुसऱ्याकडं. अडचण अशी की सीडी चोरटी होती आणि मोठ्या धबधब्यापाशी अडकायची. पिल्लू उडी मारायचं, हवेतच थांबायचं आणि पडदा निळा व्हायचा. धबधब्याखाली काय आहे, आई सापडते की नाही, हे आमच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. सिनेमा पुण्याला लागला होता. पुणं तासाभरावर, पण थिएटरात नेणारं कोण?

दादाला मात्र कोथरूडला मामा होता. सुट्टीत तो मामाकडं गेला आणि परत आला तो सिनेमाचं चित्र छापलेल्या बिस्किटाच्या पुड्यातलं प्लॅस्टिकचं पाणमांजर खिशात घेऊन.

"बघितला," तो म्हणाला.

"गळाशप्पथ?"

"व्हय, गळाशप्पथ." गळ्याला हातही लावला.

"मग सांग की."

"असंच? फुकाट? मी काय कीर्तनकार हाय व्हय?"

तिथून धंदा सुरू झाला. दुपारी लाइट जायची. धरण आमच्या तालुक्यात, वीज तिकडं मुंबईला, आणि बंद कॉम्प्युटरसमोर आम्ही. त्या वेळात दादा सिनेमा सांगायचा आणि लाइट आली की माझा डाव त्याचा. मी जमिनीवर बसून ऐकायचो. धबधब्याखाली पिल्लू एका आंधळ्या खेकड्याला भेटतं. खेकडा पाण्याच्या चवीवरून वाट सांगतो. मग ते बुडालेल्या गावातून पोहत जातं. देवळाच्या कळसाला शेवाळ, चुलीत मासे, दारांना कड्या तशाच. शेवटी येते धरणाची भिंत, आणि भिंतीपलीकडून कुणीतरी शीळ घालतं.

"आई?" मी विचारलं.

"लई घाई हाय तुला."

"सांग ना, दादा!"

"दिवाळीच्या सुट्टीतलं सगळं डाव माजं. मंग सांगतो."

सगळे! माझं डोकं फिरलं. मी प्लॅस्टिकचं पाणमांजर खिडकीतून विहिरीकडं भिरकावलं आणि उठून गेलो. भाव आवाक्याबाहेर गेला की उठायचं, हे मला तेव्हापासूनच येतं. पुढं कॉम्प्युटर बिघडला, दादा आयटीआयला गेला, मी धंद्याला लागलो. शेवट राहून गेला.

आता माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिला झोपवताना मी तीच गोष्ट सांगत आलो. खेकड्याला आवाज दिला, बुडालेल्या गावात तिच्या आवडीची एक मांजर बसवली. शेवटी भिंतीशी थांबायचो. "पुढचं सिनेमातच बघू," म्हणायचो. माल आहे याची मला खात्री होती.

गेल्या महिन्यात शेजारच्या आयटीवाल्या पोरानं तो सिनेमा आमच्या टीव्हीवर लावून दिला. मुलगी मांडीवर उशी घेऊन बसली.

"बाबा, खेकडा?"

"येईल."

"गाव?"

"येईल, थांब जरा."

काही आलं नाही. पिल्लू पकडलं गेलं, शहरातल्या प्राणिसंग्रहालयात पोचलं, तिथं आई होती, दोघांनी नाच केला. संपलं. नावं वर सरकायला लागली तशी मुलगी माझ्याकडं वळली.

"बाबा, तू खोटं बोललास."

मी! गिऱ्हाइकाला बनावट माल दिल्याचा आरोप माझ्यावर आजवर कुणी केलेला नव्हता. मी तिथल्या तिथं दादाला फोन लावला. तो अजून उरवड्यातच असतो, वडील होते त्याच कारखान्यात कामाला.

"दादा, तू तो पाणमांजराचा पिक्चर बघितलाच नव्हतास!"

आधी मशीनचा आवाज, मग त्याचं हसणं. "आरं, मामाकडं पावणं आलं त्या दिशी. जायाचं ऱ्हायलं. हितं आलो तर तू दारातच हुबा. काय सांगणार तुला?"

"गळाशप्पथ घेतलीस तू."

"ती बिस्किटाच्या पुड्याची घेतली. पुडा मी बघितला हुता."

"आणि भिंतीपलीकडं कोण होतं?"

"तवा ठरवलंच न्हाई. तू डाव दिलं असतंस तर ठरवलं असतं. सौदा मोडलास तू, आन् आता माल मागतुयास व्हय?"

फोन ठेवून मी गॅलरीत आलो. असले गेम सिनेमाची हवा आहे तोवर खपवायला घाईनं केलेले असत, हे आता कळतं. असा माल मी रोज पाहतो. चकचकीत माहितीपत्रक असतं, त्यातला तलाव कागदावरच राहतो. तरीही तो खरा सिनेमा पाहताना मला एकदाही पुढं सरकून बसावंसं वाटलं नाही. लाइट गेलेली असताना दादा बोलायचा तेव्हा मी पार त्या धरणाच्या भिंतीला कान लावून बसलेला असायचो. माझ्या नदीचा अर्धा भाग त्यानं बनवला आणि उरलेला अर्धा गेली कित्येक वर्षं अडवून ठेवलाय. याचा राग मला डाव गेल्यापेक्षा जास्त येतो.

काल मुलीनं पुन्हा विचारलं, शीळ कोण घालत होतं. सिनेमा पाहिल्यावरही तिला तेच हवं आहे. मी काहीतरी रचायला गेलो. दोन वाक्यांत तिनं पकडलं. "हे तुझं आहे. दादाकाकाचं सांग."

त्याच शेजारच्या पोराकडून मी तो गेम लॅपटॉपवर बसवून घेतलाय. आता तो धबधब्यापाशी अडकत नाही म्हणे. मी अजून हात लावलेला नाही. दादा, दिवाळीच्या सुट्टीतले सगळे डाव तुझे, तू मागितलेल्या भावात, एक पैसा न पाडता. आता सौदा माझ्याकडून पुरा आहे. रविवारी भुकूमला ये, माझ्या पोरीसमोर मांडी घालून बस आणि उत्तर दे. भिंतीपलीकडं कोण आहे?