उकंडरावच्या उशाशी फोन

सुलतानपूरच्या उकंडरावला आयुष्यात एकच काम मन लावून करता आलं, ते म्हणजे दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय याचा वास घेणं. खताचं दुकान त्याचं, पण ते मुलगा कुलदीप चालवायचा. हा खुर्चीत बसून कोणाची सून माहेरी गेली, कोणाची सोयरीक मोडली, एवढंच चघळत असायचा. गाव आपल्याला वचकून असतं असा त्याचा समज होता. गावाला त्याचा नुसता कंटाळा होता.

दोन हजार तीन साली कुलदीपचं लग्न झालं. सून प्रतीक्षा पिंपळगाव राजाची. दर रविवारी दुपारी ती बैठकीतल्या फोनवरून आईशी अर्धा तास बोलायची. आपल्याविषयी काय सांगत असेल, या विचारानं उकंडरावला घास गिळवेना. शेवटी त्यानं फोनची कामं करणाऱ्या धम्मरत्नला बोलावलं.

“माह्या खोलीत एक फोन पायजे. पलंगापाशी. तब्येत बरी नसते.”

धम्मरत्ननं बैठकीतल्या डबीतून वायर काढली, चौकटीवरून खिळे मारत आत नेली आणि उशाशी जॅक बसवला. उकंडराव मागेच उभा.

“तिकडं कोणी बोलून राह्यलं अन् इथून उचललं, तर त्याले समजते काय?”

“आवाज जरासा बारीक होते.” धम्मरत्ननं हातोडी खाली ठेवली. “पण तब्येतीले त्याचं काय करायचं, भाऊ?”

“तू आपलं काम कर बे.”

त्यानं काम केलं आणि चहा न घेताच निघून गेला.

पहिल्या रविवारी उकंडरावनं दार लावलं, तोंडावर दुपट्टा दाबला आणि हळूच रिसीव्हर उचलला. आईचा गुडघा, लोणच्याला लागलेली बुरशी, भावाची मोटरसायकल. पुढच्या रविवारी पुन्हा गुडघा. असे सात रविवार गेले. त्याच्याविषयी वाईट नाही, बरं नाही, काहीच नाही. शिव्या घातल्या असत्या तर निदान घरभर ओरडायला विषय मिळाला असता. आपण कोणाच्या बोलण्यातही नाही, हे साठाव्या वर्षी त्याला चोरून ऐकून कळलं. त्यावरही गप्प बसायची अक्कल त्याच्याकडे नव्हती.

आठव्या रविवारी आईनं एकदाची सासऱ्याची चौकशी केली, “मामाजी कसे हायत तुहे?”

“हायत,” प्रतीक्षा म्हणाली. “भेंडीवरची अळी गेली काय गं?”

“हायत म्हंजे काय?” उकंडराव फोनमध्ये गरजला.

“मामाजी, फोन ठेवा,” प्रतीक्षा शांतपणे म्हणाली. “मायशी बोलणं व्हायचं हाय अजून.”

त्यानं मुकाट्यानं ठेवला.

पिंपळगावच्या सोयऱ्यांत ही गोष्ट आठवडाभरात फिरली आणि फिरून सुलतानपुरात आली. त्याची बायको अन्नपूर्णाबाई दुसऱ्याच दिवशी कातर घेऊन खोलीत शिरली. पस्तीस वर्षं तिनं त्याला सहन केलं होतं. तिनं जॅकपाशी वायर कापली, फोन काखेत मारला.

“तब्येत बरी नसते ना? मंग झोपा,” एवढंच म्हणाली.

दुकानात उकंडराव सांगत बसला, की वायर उंदरांनी कुरतडली. त्याला कोणी विचारलं नव्हतं. कुलदीप गिऱ्हाइकाला युरियाचं पोतं उचलून देत होता, त्यानं मान वर केली नाही.