गायरानातलं सोनं

दसरा गोड झाला का सगळ्यांचा? माझा कसा झाला ते वाचा.

आमच्या जामखेडकडच्या गायरानात नुसता मुरूम उरला हुता. शेरडालाबी तोंड घालायला गवत न्हाई. सावली आली की गवत धरंल, म्हणून आमी चार म्हाताऱ्यांनी तिथं लिंब, बोर, पळस, आपटा असली आपल्याच रानातली झाडं लावली. दोन उन्हाळे डोक्यावर पाणी वाहिलं. काही वाळली, काही शेरडांनी खाल्ली. आपटे तेवढे कमरेएवढे झाले हुते आन् त्यांच्या बुडाशी गवत धरलं हुतं.

आज संध्याकाळी शेजारचा भागवत आला, पाया पडला, हातावर आपट्याची पानं ठेवली.

"आजी, सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा."

"कुठनं आणलंस रं?"

"गायरानातनं. औंदा डोंगरात जायला नको. सगळ्या गावानं तिथंच सोनं लुटलं."

"पानं तोडली का फांद्या?"

"गर्दीत पानं कोण तोडत बसतंय? बुडापासनंच घेतलं."

"लावली कुणी ती झाडं?"

"सरकारनं लावली आसतील."

काठी टेकत जाऊन बघून आले. एक आपटा उभा न्हाई. गवत पायाखाली गेलं.

पुन्हा लावा म्हणायला कुणी येऊ नका. आमच्यातल्या दोघींना आता हंडा उचलवत न्हाई आन् मला उचलावासा वाटत न्हाई.

भागवतचं सोनं देवापुढं ठेवलंय. टाकू तरी कुठं? तुमच्या घरातलं उद्या केरात जाईल. त्याच्या आधी एवढं सांगा, ते ज्या झाडाचं हाय ते झाड अजून उभं हाय का?