कागदावर न लिहायची जागा

"पयले पाहा, त्याले खायले भेटलं का."

गाडीचा हॉर्न वाजत नसो, वायपर हलत नसो की दिवा लागत नसो, बडनेरा रोडवरच्या वायरिंगवाल्या भाईंचं पहिलं वाक्य हेच असे. खायला म्हणजे करंट. एखादं गिऱ्हाईक तावातावानं म्हणे, "भाई, हॉर्न मेला, नवा टाका," तेव्हा भाई एक बोट वर धरत आणि समोरचा गप्प होईपर्यंत ते खाली आणत नसत. मग म्हणत, "उपाशाले मेला काहून म्हणता, भाऊ? पयले पाहा, त्याले खायले भेटलं का." हेच वाक्य ते माणसांनाही लावत. एकदा दुकानासमोर दोन रिक्षावाले भांडत होते. कोणाचं चुकलं हे न विचारता भाईंनी दोघांसाठी पोहे मागवले. पोह्यांनंतर भांडण पुन्हा सुरू झालं, हे खरं, पण आवाज पुष्कळ उतरला होता.

तुम्ही दोघं फोनवर नेहमी विचारता, आजी, ती जुनी पांढरी गाडी अजून का ठेवली आहेस? तुमचे बाबाही विचारतात, जरा कमी गोड आवाजात. मी विषय बदलते. उत्तर लांब आहे आणि भाईंशिवाय ते देता येत नाही, म्हणून आज नीट क्रमाने लिहायला बसले आहे.

आधी भाईंना डोळ्यांसमोर आणा. उंच, किरकोळ, वर्षानुवर्षं डॅशबोर्डखाली शिरून एक खांदा कायमचा खाली गेलेला. कानावर पेन्सिलीऐवजी वायरचा तुकडा. गळ्यात टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन लांब वायरींना जोडलेला एक लहानसा बल्ब. तुमचे आजोबा खरे डॉक्टर, पण ते भाईंच्या गळ्यातला बल्ब पाहून त्यांना 'डॉक्टरसाहेब' म्हणत. भाईही त्यांना 'डॉक्टरसाहेब' म्हणत. हे दोन डॉक्टरसाहेब दुकानाच्या दारात एकमेकांची प्रकृती विचारू लागले की मी गाडीत बसून सगळं वर्तमानपत्र वाचून काढत असे.

भाईंची खासियत होती चोर स्विच. आजोबांची पहिली गाडी तिवशाला, दवाखान्याच्या दारातून, भर दुपारी चोरीला गेली. आत ते रोगी तपासत होते आणि बाहेर गाडी नव्हती. नवी घेतली तेव्हा ती घेऊन ते थेट भाईंकडे गेले. पेट्रोलच्या पंपाला करंट नेणारी वायर भाई मध्येच तोडत आणि गाडीत कुठेतरी एक छोटा बटणाचा स्विच लपवून तिथून ती फिरवून आणत. स्विच बंद असला की किल्ली हाती असूनही गाडी सुरू होत नसे. प्रत्येक गाडीत जागा वेगळी. आणि काम झालं की भाई हात पुसत म्हणत, "म्या बसवला, अन् म्याच इसरलो."

खरंच विसरत असतील का? मला कधी कळलं नाही. पण त्यांचा एक नियम होता आणि तो ते प्रत्येकाला ऐकवत: ही जागा फोनवर सांगायची नाही, कागदावर लिहायची नाही. जो गाडी चालवतो त्यालाच सांगायची, तीही त्याला सीटवर बसवून.

त्या वर्षांबद्दल तुम्ही इंटरनेटवर वाचलं असेल. कापसाचं काय झालं, संत्र्याच्या बागा कशा वाळल्या, सगळं तिथे आकड्यांसकट असतं. मी ती वर्षं भाईंच्या डब्यात पाहिली. त्यांच्या टेबलावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे. आधी त्यात नवे स्विच असत, बसवायचे. मग हळूहळू त्यात जुने दिसू लागले, कोणाच्या टोकाला हिरवी वायर, कोणाच्या टोकाला पिवळी. गाडी विकायची म्हटलं की लोक चोर स्विच काढून वायर सरळ करून घेत. मोर्शीकडच्या बागायतदारांनी चांगल्या दिवसांत घेतलेल्या जीपा एकामागून एक येऊ लागल्या.

"विकाची हाये का चालवाची?" भाई आधी विचारत.

समोरचा बहुधा खाली पाही. "विकाची."

मग थोडक्यातलं काम भाई उगाच लांबवत. चहा सांगत, वायर हातात घेऊन पुन्हा ठेवून देत. "घाई काय हाये, भाऊ. बसा निवांत." तेवढ्यात त्याचं मन बदलेल, अशी आशा असावी. ते बदलत नसे. संध्याकाळी स्विच डब्यात पडे. मी एकदा डबा उचलून पाहिला तर चांगला जड लागला. "ठेवा, म्याडम," भाई म्हणाले. "मोर्शीच्या साऱ्या जीपा हायेत त्याच्यात."

तुमचे आजोबा गेले ते असेच एका साध्या दिवशी. तिवशाहून आले, गाडी पेरूच्या झाडाखाली लावली, चहा घेतला आणि कपबशी खाली ठेवता ठेवता कलंडले. दवाखान्यात नेलं, तिथून ते घरी परतले नाहीत. गाडी पावसाळाभर पेरूखालीच राहिली. पिकलेले पेरू टपावर पडत आणि पोपट तिथेच बसून खात.

दिवाळीच्या आधी तुमच्या बाबांनी तिकडून फोनवर सगळं ठरवलं. अकोल्याचं एक गिऱ्हाईक रविवारी गाडी पाहायला येणार होतं. त्यांचंही बरोबर होतं. मला गाडी चालवता येत नव्हती, मग ठेवायची कोणासाठी? पण गाडी सुरूच होईना. एका मेकॅनिकनं येऊन पाहिलं आणि पंप जळाला, टाकी उतरवावी लागेल, असं सांगून तो गेला. मी भाईंना फोन केला. खरं सांगते, गाडी सुरू व्हावी असं मला वाटत होतं की होऊ नये असं, हे मला त्या दिवशी नक्की सांगता आलं नसतं. ती सुरू झाली तर रविवारी जाणार होती. आणि तिच्यात अजून त्यांच्या तंबाखूचा, स्पिरिटचा आणि तिवशाच्या धुळीचा वास होता.

भाई मोपेडवर आपली बॅटरी बांधून आले. आल्याबरोबर गाडीकडे न जाता ओट्यावर बसले. पाणी घेतलं. "साहेबायची जागा हे होती ना," म्हणाले आणि सरकून बसले. मग उठले आणि आपली बॅटरी गाडीला जोडली.

"म्याडम, किल्ली अर्धी फिरवा. पूर्ण नाई."

मी दार उघडून बाहेरूनच वाकले आणि किल्ली फिरवली. ड्रायव्हरच्या सीटवर मी कधी बसले नव्हते. ही गाडी चांगली असताना अर्धी किल्ली फिरवली की मागच्या सीटखालून 'सुंऽऽ' असा बारीक आवाज येई आणि लगेच थांबे. इंजिन सुरू होण्याआधी पंप पेट्रोल पुढे ढकलून ठेवतो, त्याचा तो आवाज. भाईंनी बोट वर धरलं. आम्ही दोघांनी ऐकलं. काहीच नाही. फक्त पोपट.

"बोलून नाई राह्यला," भाई म्हणाले. "पयले पाहू, खायले भेटलं का."

माझ्या हातात गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक होतं. तुम्हाला माहीत आहे, मी कोणतीही वस्तू पुस्तकाशिवाय हाताळत नाही.

"काय म्हन्ते पुस्तक?"

"आधी फ्यूज पाहा म्हणतं."

फ्यूज चांगला होता. "मंग?"

"मग रिले."

मी किल्ली फिरवली, पंपाला करंट सोडणारा तो डबीएवढा रिले 'टक' वाजला. भाईंनी बल्बची एक वायर गाडीच्या पत्र्याला लावली, दुसरी रिलेच्या पलीकडे टेकवली. बल्ब क्षणभर लागला. म्हणजे करंट इथपर्यंत येत होता. मग मागची सीट उचलून तीच वायर त्यांनी पंपाच्या जोडणीला लावली. मी पुन्हा किल्ली फिरवली. बल्ब काळाच.

"पुस्तक बरोबर हाये," भाई म्हणाले. "लिहिनाऱ्यानं बी कधी हात भाजून घेतला असन."

शेवटी त्यांनी बॅटरीवरून दोन लांब वायरी आणून थेट पंपाला लावल्या. आणि मागच्या सीटखालून तो आवाज आला. पावसाळाभर न ऐकलेला. मी दाराला धरून उभी राहिले.

"जिता हाये. जळला-बिळला काई नाई. मधातच कोनंतरी त्याची भाकर अडवून ठेवली."

मला वाटलं, आता ते मधली वायर शोधतील. पण भाईंनी वायरी गुंडाळल्या, बल्ब गळ्यात अडकवला, हात पुसले आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "म्याडम, गाडी विकाची हाये का चालवाची?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"विकाची असन तर म्या एक वस्तू काढून नेतो, वायर सरळ करून देतो. चालवाची असन तर ते कुठं हाये हे सांगा लागन."

आजोबांनी चोर स्विच बसवून घेतला होता एवढं मला माहीत होतं. कुठे, हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात एका बटणाची जागा मला माहीत नसावी आणि बडनेरा रोडवरच्या माणसाला असावी, याचं मला वाईट वाटलं. मी तसं बोलून दाखवलं.

"त्यायच्यावर रागावू नका. म्याच सांगतलं होतं, जो चालवते त्यालेच सांगा. साहेब म्हने, बाई शिकली का त्याच दिवशी सांगीन. तुमी शिकल्या नाई."

हे खरं होतं. ते दर उन्हाळ्यात म्हणत, शिक. मी म्हणे, पुढच्या वर्षी.

भाई वाट पाहत उभे होते. चहा सांगितला नव्हता तरी 'घाई काय हाये' असाच चेहरा होता. मला तो पत्र्याचा डबा आठवला. त्यात आणखी एक स्विच पडेल, टोकाला वायरचा तुकडा असलेला.

"चालवायची आहे," मी म्हणाले.

"कोन चालवन?"

"मी."

भाई हसले नाहीत. "मंग तिकडून या. बाहेरून नाई. बसा."

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. पाय खाली पेडलपर्यंत पोचेनात. आजोबा किती उंच होते ते तुम्ही फोटोत पाहिलंच आहे. भाईंनी सीटखालच्या दांडीला हात घातला, पण ओढली नाही. "साहेबायनं लावलेली शीट हाये. पुढं घेऊ?" मी मान हलवल्यावरच त्यांनी ती सरकवली. मग वाकून, बागेत आम्हा दोघांशिवाय कोणी नसताना, त्यांनी हळू आवाजात जागा सांगितली आणि पेरूच्या झाडाकडे तोंड करून उभे राहिले.

माझं बोट त्या बटणावर टेकलं. ते बंद होतं. तिवशाहून आल्यावर, चहाला यायच्या आधी, सवयीनं त्यांनी ते बंद केलं होतं, आणि त्यानंतर त्याला कोणाचा हात लागला नव्हता. मी थोडा वेळ बोट तसंच ठेवलं. भाई पेरू मोजत असावेत. मग मी ते दाबलं आणि किल्ली अर्धी फिरवली.

सुंऽऽ.

"ऐकलं?" भाई झाडाला विचारत असल्यासारखे म्हणाले.

रविवारच्या गिऱ्हाइकाला मी फोन करून येऊ नका म्हणून कळवलं. तुमचे बाबा रागावले. मी त्यांना सांगितलं, गाडी चालवणारी माणसं घरात आहेत. थंडी संपायच्या आत ते खरंही झालं.

एकदा राजकमल चौकाजवळ गाडी कडेला लावून भाजी घेतली, परत येऊन बसले तर गाडी सुरू होईना. मागे हॉर्नचा गदारोळ. घाबरून मी भाईंना फोन केला. "भाई, स्विच तर नाही ना..." इतकं बोलले आणि त्यांनी मला तोडलं. "म्याडम. फोनवर नाई." ते मोपेडवर त्या गर्दीतून आले, माझ्या खिडकीशी उभे राहिले, खाकरले आणि आकाशाकडे पाहू लागले. मी बटण दाबलं. गाडी सुरू झाली. "काय मालूम काय झालं होतं," भाई मोठ्यानं, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाले आणि निघून गेले.

पुढे रस्ता रुंद झाला, दुकान गेलं आणि भाई पातूरला मुलीकडे राहायला गेले. मी अकोल्यावरून तिथवर गाडी नेली, एकटीनं. त्यांना आता फारसं ऐकू येत नव्हतं. मुलीनं हात धरून अंगणात आणलं. त्यांनी मागचं दार उघडलं, सीटवर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट वर धरलं. मी किल्ली अर्धी फिरवली. त्यांचा तळहात तिथेच होता.

"बोलून राह्यला," म्हणाले. मग, "नातवंडायले सांगतली का जागा?"

मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, ती फार दूर असतात, भाई. लिहून पाठवू का?

त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. भाई गेले. त्यांनी लपवलेले स्विच अजून वऱ्हाडभर कुठे कुठे असतील. एखाद्या वाड्यामागे, कोंबड्या बसलेली जीप दिसली की मी वळून पाहते.

या घरातलं सगळं मी लिहून ठेवलं आहे. कपाटाची चावी कुठली, विहिरीची मोटर कशी सुरू करायची, कोणतं झाड कोणी लावलं. ती जागा तेवढी लिहिलेली नाही, आणि इथेही लिहिणार नाही. ती सीटवर बसवूनच सांगायची आहे.

रोज सकाळी मी पेरूखाली जाऊन किल्ली अर्धी फिरवते. पंप क्षणभर बोलतो आणि गप्प होतो. सीट माझ्या मापानं पुढे आहे. तुम्ही दोघं आजोबांसारखे उंच झाला आहात, असं बाबा सांगतात. आलात की मागे घेऊ.