तिसऱ्या मजल्याचं परिपत्रक

आमच्या गावच्या सहकारी बँकेचे अध्यक्ष लेकीकडे कतारमध्ये अल वक्र्याला आले होते. शुक्रवारी दुपारी ते दोह्याच्या मुंतझा भागातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर जेवायला येणार म्हटल्यावर मी ओळखलं, भरीत-भाकरीच्या मागोमाग ठेवींचा विषय निघणार. तालुक्यातली आम्ही पाच घरं दोह्यात आहोत आणि पाचही घरांचे पैसे गावी आईवडिलांच्या नावाने त्यांच्याच बँकेत आहेत.

मी इथे एका बँकेत नियम पाळले जातात की नाही ते तपासते. काही देशांत, जिथून ठेवी घेतल्या तिथल्या लोकांना कर्जंही द्यावी लागतात, हे त्या कामातच वाचलं होतं. गावच्या बँकेची कर्जं मात्र जायची पुण्याच्या बिल्डरांना. माझ्या काकूने मसाल्याच्या कांडप मशीनसाठी दोनदा अर्ज केला, दोनदा तो परत आला. म्हणून मी आदल्या दिवशी जाड कागदावर एक परिपत्रक छापलं. विषय : ग्रामीण ठेवींचा ग्रामीण विनियोग. खाली पाच घरांच्या सह्या आणि मुलीच्या खेळण्यातला निळा शिक्का. त्यात ससा होता, म्हणून तो अर्धाच उमटवला.

जेवणानंतर साहेबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"कुठल्या ऑफिसचं हे?"

"तिसऱ्या मजल्यावरचं," नवरा म्हणाला आणि ताक प्यायला लागला.

"म्हणजे आमचंच, साहेब," मी म्हणाले. "आमच्या ठेवींतला निम्मा पैसा गावात कर्ज म्हणून फिरला, तर नव्या ठेवी ठेवू. नाहीतर आहेत त्याही हलवू."

"पोरी, गावात कर्ज मागायला माणूस तरी आहे का?"

मी व्हिडिओ कॉल लावला. काकू वाटच बघत होती. तिच्या मागे बचतगटाच्या सहाजणी शाळेच्या फोटोसारख्या ओळीत बसल्या होत्या.

"नमस्कार साहेब," काकू म्हणाली. "बँकेत भेटत नाही, म्हणून कतारात गाठलं."

एसी चालू असूनही साहेबांनी घाम पुसला. "बघू, इन्शाल्ला." आठवड्याभरात तेवढा शब्द त्यांनी पक्का केला होता.

"तो आम्हीही ऑफिसात रोज ऐकतो," मी म्हणाले. "तारीख सांगा."

तारीख मिळाली नाही. 'पुढच्या बैठकीत विषय घेतो' एवढंच मिळालं. काकूने ते तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. ते गेल्यावर मला थोडी लाज वाटली. जेवायला बोलावलेल्या माणसाला असं कोंडीत पकडायचं नसतं. नवऱ्याला मुळीच वाटली नाही.

दोन महिन्यांनी काकूचं कर्ज मंजूर झालं, मागितल्याच्या निम्मं. सहाजणींपैकी दोघींना मिळालं, चौघी अजून खेपा घालताहेत. आम्ही म्हटल्याप्रमाणे नव्या ठेवी ठेवल्या. वार्षिक सभेत अध्यक्षांनी आमच्या परिपत्रकातलं निम्म्या पैशाचं कलम आपलीच कल्पना म्हणून मांडलं आणि टाळ्या घेतल्या. काकूने जुनं मशीन विकत घेतलं. ते इतकं खडखडतं, की शेजारीण तिच्याशी बोलत नाही. काकू म्हणते, बोलली तरी ऐकू येणार नाही.