निळे बगळे

गोजरबाईच्या डोक्यात एक नदी होती. माहेरची, पूर्णा. पाण्यात एक बाई हात पसरून उभी, अन् तिच्यावरून उडत चाललेले निळे बगळे. निळेच का, हे तिलाही सांगता यायचं न्हाई. अंगण सारवताना बोटं आपोआप वळायची, नदी उमटायची. सासू बघायच्या आत तीच हात फिरवून पुसून टाकायची. वीस वर्षं हेच. जीव नुसता कोंडायचा बघा.

सत्याऐंशी साली लेकीचं, सत्यशीलेचं लग्न निघालं. आमच्या जाफराबादकडं लग्नघराची भिंत रंगवायची रीत. गणपती, हत्ती, पोपट, नवरा-नवरीची नावं. मुनीर पेंटरनं दाराची भिंत रंगवली. ओसरीतली कोरी राहिली.

"ही मी काढणार," गोजरबाई म्हणाली.

नवरा कडूबा हसला. "पाव्हण्यांपुढं इज्जत घालवू नको. अन् निळे बगळे कुठं असतात गं?"

"माझ्याकडं असतात."

काय ती जिद्द! गेरू कालवला, कपड्याची नीळ कालवली, लिंबाची काडी चावून कुंचला केला अन् दोन दिवसांत भिंत भरून टाकली. मुनीरला विचारायचं म्हणजे कमीपणा, म्हणून विचारलं न्हाई. तिथंच चुकली! रंगात डिंक लागतो हे तिला ठाऊकच नव्हतं.

लग्नादिवशी पाव्हणे जेवले, ओसरीत भिंतीला टेकून सुस्तावले. उठले तर काय, व्याह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर बगळे, नवरदेवाच्या मामांच्या पाठीवर नदी! मांडवात हशा पिकला. भिंतीवर नुसते फराटे उरले. कडूबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोजरबाई आत जाऊन ढसाढसा रडली.

चौथ्या दिवशी मात्र तिनं कमीपणा गिळला अन् बस धरून मुनीरचं दुकान गाठलं.

"मुनीरभाऊ, माझा रंग का सुटला?"

"आक्का, डिंक कुठं घातला तुम्ही? बाभळीचा घ्या, रातभर भिजवा. बिलकुल सुटणार न्हाई."

तिनं बांधावरच्या बाभळींचा डिंक गोळा केला. भिंतीला पुन्हा चुना मारला, तो वाळू दिला, अन् भिजवलेला डिंक रंगात कालवून नदी काढायला घेतली.

"आता काय करून राह्यलीस?" कडूबा खेकसला. "लग्न झालं, पाव्हणे गेले. कुणासाठी ही भिंत?"

"माझ्यासाठी," ती म्हणाली. हात थांबला न्हाई.

नदी वाळली, बगळे वाळले. कडूबा बाजाराला निघाला होता, अंगात धुतलेला पांढरा सदरा.

"टेका," गोजरबाई म्हणाली.

तो घुटमळला. मंग टेकला, चांगला पाठ घासून टेकला अन् उठला.

सदरा कोरा करकरीत. बगळे भिंतीवरच होते.