बारांतली सातवी मोटार

“नंबर कुठाय?” शेटजींनी तिसऱ्यांदा विचारलं. ते बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरले होते.

मी टेचात सांगितलं, “घासला!”

सन तीस उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. रत्नागिरीत दाऊदभाईंच्या मोटार वर्कशॉपात मी सीट आणि हूड शिवायचे. हूड म्हणजे मोटारीचं कापडी टप. बाईमाणूस कामाला ठेवलं म्हणून गाव दाऊदभाईंना हसायचं. मी मात्र स्वतःला अर्धी इंजिनियर समजायचे.

आणि ती मोटार! लांबलचक नाक, दोनच सीट, सुरू केली की वर्कशॉपची कौलं थरथरायची. स्पोर्ट्स कार. कंपनीने तसल्या बाराच केल्या होत्या. जयगडकडच्या एका खोतांनी हौसेने आणली, पण आमच्या जांभ्याच्या रस्त्यांवर तिचं पोट खरवडायचं. म्हणून विकायला काढलेली. मुंबईच्या शेटजींना असल्या दुर्मिळ मोटारी जमवायचा नाद. बारांपैकी कितवी, ते बॉनेटखालच्या पितळी पट्टीवर काळ्या रंगात लिहिलेलं असे. शेटजींकडे कंपनीचं पत्र होतं: सातवी. पट्टीवर सात दिसला तरच सौदा.

दाऊदभाई म्हणाले होते, “गाडी चकाचक कर गो.” मी आमसूल आणि राख घेऊन पट्टी समईसारखी लखलखीत केली. रंगासकट.

“नंबर नाही, तर ही कुठलीही गाडी असेल.” शेटजींनी टोपी उचलली.

दाऊदभाई हळूच म्हणाले, “बाय, उद्यापासून घरची भांडी घास.”

आणि एकदम मला आठवलं. नव्याने शिवायला सीट उघडली तेव्हा आतल्या लाकडी चौकटीवर काहीतरी डागलेलं होतं! सुताराची खूण समजून मी वर काथ्या भरून शिवून टाकलं होतं.

“शेटजी, थांबा!” मी कात्री उचलली.

“अगो, कालच तर पुरी केलीस ना ती!” दाऊदभाई ओरडले.

आठ दिवसांची शिलाई मी टराटरा उसवली. काथ्या उडाला, शेटजींच्या मिशीत अडकला. खाली लाकडात कंपनीनेच डागलेला, ठसठशीत इंग्रजी सात!

शेटजी अक्षरशः नाचले. मी म्हटलं, “आता पुन्हा शिवून देते.”

“खबरदार, गाडीला हात लावशील तर!”

तशाच उसवलेल्या सीटवर, काथ्यावर बसून ते मुंबईच्या रस्त्याला लागले.

माझी नोकरी टिकली. धडा एवढाच, की जुन्या वस्तूवर काही लिहिलेलं असेल तर घासण्याआधी वाचावं. हिला इंग्रजी कुठलं यायला, म्हणून दाऊदभाईंनी मला माफ केलं; मला ते वाचता येत होतं, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.